पाचाचा पाढा

गोळ्या पाच-पाचांनी मोजतात.
निळ्या तबकात, चपट्या सुरीनं अलीकडे ओढत :
पाच, दहा, पंधरा.
टोलेडोत सतरा वर्षं मी असंच मोजलं,
पांढरा कोट, खिशावर नाव : एन. चौगुले.
सहावी माझ्या खिशात कधी जायला लागली
ते काही एका दिवशी ठरलं नाही.
आधी कंबर दुखत होती. खरंच दुखत होती.
मग ती थांबली,
मी नाही थांबलो.

पुढचं थोडक्यात सांगतो.
लायसन्स गेलं. गाडी गेली.
त्रिशला मुलीला घेऊन ह्यूस्टनला भावाकडे गेली,
जाताना फ्रिजमध्ये चार दिवसांचा स्वयंपाक ठेवून.
तो मी पहिल्याच रात्री उभ्यानं खाल्ला.

मग बस. तिकीट नेहमी पुढच्याच गावाचं,
कारण पुढचं गाव मला अजून ओळखत नव्हतं.
टेर होट, जॉप्लिन, अमारिलो, परत जॉप्लिन.
फिरस्त्याला भूगोल फार बारीक कळतो :
कुठल्या बेकरीच्या मागच्या जाळीतून गरम हवा येते,
कुठल्या लायब्ररीत डोळे मिटले तरी
बाई हलकेच टेबल वाजवते, पोलीस बोलावत नाही,
पुलाखाली कुठल्या खांबाला वारा बगल देतो.

सलायनाला मी उतरलो नाही, मला उतरवलं.
अंग थडथडत होतं, कपडे भरले होते,
ड्रायव्हर म्हणाला, सॉरी, बडी.
समोर धान्याची कोठारं, पांढरी, उंच,
देवळं बांधून देव ठेवायचा राहिला असावा तशी.
त्यांच्या सावलीत मी तीन दिवस ओकलो,
नंतर कुणीतरी शेल्टरमध्ये नेलं.

तिथं पाच वाजता सूप मिळतं.
डिसेंबरात सूर्य त्यानंतर बुडतो.
सूर्यास्ताआधी जेव रे, म्हणून आई जन्मभर मागे लागली,
सांगलीत मी तिला हसायचो.
आता रोज पाळतो. तिला कळवायला हवं होतं.

ओर्लीन हॅफनरच्या लाँड्रीत मी घड्या घालतो.
तासाला पैसे, वर दुपारी उरलेलं मीटलोफ,
ते मी खात नाही, ती रोज विचारते.
तिचा नियम एकच : खिसे तपास,
एक पेन राहिलं तर सगळं निळं होतं.

मंगळवारी एका जीन्समध्ये दोन निघाल्या.
पांढऱ्या, लांबट.
आकडा वाचायच्या आधी मला कंपनी कळली,
मिलीग्राम कळले,
आणि जिभेला पाणी सुटलं, चिंच बघून सुटतं तसं.
मुठीत धरून आठ चौक चाललो. कुठं, ते पायांना विचारा.

चर्चच्या तळघरात मर्ल खुर्च्या लावत होता.
हा आयुष्यभर कापणीची यंत्रं दुरुस्त करत आला,
आता कॉफी करतो, आणि ती वाईट करतो.
मी कचऱ्याशेजारी उभा राहिलो.
फिल्टरमधला ओला चोथा पिशवीत घेतला,
गोळ्या त्यात कालवल्या, बोटांनी, चांगल्या,
आणि माझ्याच तोंडून काउंटरवरचा आवाज आला :
"वापरलेल्या कॉफीत मिसळा, पिशवी घट्ट बांधा,
लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका."
"कुणाशी बोलतोयस, डॉक?" मर्लनं विचारलं.
"गिऱ्हाईकाशी."
पिशवी बांधली. मग सोडून पुन्हा बांधली.
मधे काय झालं ते सांगत नाही. काही झालं नाही,
पण वेळ लागला.

पाच सत्ते पस्तीस, पाच अठ्ठे चाळीस,
पाच नवे पंचेचाळीस.
आज सत्तेचाळीसावा दिवस.
पाढ्यात बसत नाही. दोन उरतात.

संध्याकाळी जीन्सचा मालक आला.
विशीतला पोरगा, नखं कुरतडलेली,
घडी माझ्या समोरच उलगडली,
एका खिशात हात, मग दुसऱ्या,
मग पहिल्यात परत.
वर बघितलं. मी ती नजर ओळखतो,
औषधांच्या कपाटाच्या काचेत सतरा वर्षं पाहिलेली.

ओर्लीन नाणी मोजत होती.
बाहेर कोठारांवर ऊन होतं अजून थोडं.
"पेन नव्हतं खिशात,"
मी म्हणालो,
आणि पुढची चादर घेतली.
तिचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.
तो अजून उभाच होता.